हात भरून येतात, ताई

नोव्हेंबर लागला की आमच्या मालवणात समुद्र निवळतो आणि माझा फोन वाजायला लागतो. डिसेंबरात चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा असते, त्याची ही तयारी. तक्रार जवळजवळ शब्दश: तीच असते : "ताई, दम पुरतो, पाय चालतात, पण तीन-चारशे मीटर झाले की कोपराखालचे हात भरून येतात. नुसते दगड होतात." तोवर डॉक्टर झालेले असतात, तेल-मालीश झालेलं असतं. काही जण तर हाताची ताकद वाढावी म्हणून दिवसभर रबरी चेंडू दाबत बसलेले असतात. (कपाळाला हात लावावा तो इथं.) मी समुपदेशक; पोहायला शिकवत नाही, स्वत: गळाभर पाण्यापुढे कधी गेलेले नाही. तरी या दुखण्याची गाठ बऱ्याचदा माझ्या खोलीत सुटते, हे आता जरा मान वर करून सांगते.

वसुधाचंच घ्या. नाव बदललं आहे. वय ४३, बँकेत कॅशियर, पहिल्यांदाच १ किलोमीटरसाठी नाव दिलेलं. आल्या आल्या म्हणाली, "माझ्या हातात मुळी ताकदच नाही." मी कोकम सरबत पुढे केलं. तिनं ग्लास असा धरला की नखं पांढरी पडली.

"ग्लास कुठं पळून जात नाही, वसुधाताई."

ती हसली, बोटं सैल केली. दोन मिनिटांनी पाहिलं तर नखं पुन्हा पांढरी.

बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, कोपराखालच्या हातात असतात. बोटांपर्यंत येतात त्या त्यांच्या दोऱ्या. डाव्या हातानं उजवा हात कोपराखाली धरा आणि मूठ आवळा, लगेच कळेल. जो बोटं घट्ट जुळवून पोहतो, त्याचा हा स्नायू पाण्यातही काम करतो आणि हात हवेतून पुढे येतानाही. आखडलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. मग तो भरून येणार नाही तर काय!

"बोटं इतकी घट्ट कशासाठी?"

"पाणी निसटतं ना. जरासुद्धा निसटताच कामा नये."

"निसटलं तर?"

"मागे पडेन."

"पडलात. मग?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "घरी म्हणतील, या वयात नसती हौस."

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझा पिंड पोसलाय, त्यामुळे माझा कान आधी 'च'कडे जातो. निसटताच कामा नये, जमलंच पाहिजे. हा 'च' डोक्यात आवळला की शरीरात कुठंतरी मूठ आवळली जातेच. कुणाचा जबडा, कुणाचे खांदे, हिचे हात.

इथं माझी एक चूकही सांगते. वसुधा लहानपणी मामाच्या विहिरीत पोहायला शिकली होती. कमरेला असोले नारळ, दोर मामाच्या हातात. मला वाटलं, सापडलं! तो दोर तिनं अजून सोडलेला नाही. दोन बैठका मी त्या विहिरीत घालवल्या. शेवटी तीच म्हणाली, "ताई, विहिरीत मला भारी मजा यायची हो." म्हणजे माझा सिद्धांत पाण्यात.

उत्तर मिळालं किनाऱ्यावर. एका शनिवारी सकाळी मी तिला तिथंच बोलावलं होतं. शेजारी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललं होतं. वसुधा हौसेनं दोराला लागली आणि पाच मिनिटांत हात झटकत बाजूला झाली. पुढचा म्हातारा मागे वळूनही न बघता म्हणाला, "हातान नाय गो, आंगान ओढूचा. हात नुसतो धरूक."

ती परत लागली. या वेळी बोटांचा नुसता आकडा केला, टाचा वाळूत रोवल्या आणि अंग मागे टाकलं. दोर सरकला. रापण किनाऱ्याला लागेपर्यंत ती हटली नाही. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि तळहात उलटेसुलटे करून बघत राहिली.

"मी पाणी ओढतच नव्हते, ताई. धरून ठेवत होते."

मी काही बोलले नाही. महिनाभर मी जे समजावत होते, ते एका वाक्यात त्या म्हाताऱ्यानं करून टाकलं होतं. पण तिला ते ऐकू आलं, ते आधीच्या महिन्यामुळे, असं मी आपली समजूत घालते.

पुढचं सोपं होतं. तुमचेही हात भरत असतील तर करून पाहा. बोटांत किंचित फट राहू द्या. तेवढ्यानं पाणी वाया जात नाही. हात पाण्याबाहेर आला की मनगट लुळं सोडा, ओल्या फडक्यासारखं. तळहात आणि कोपरापर्यंतचा हात मिळून एक वल्हं समजा आणि ते पाठीनं ओढा. श्वास कोंडू नका, तोंड पाण्यात असताना फुगे सोडत राहा. श्वास अडकला की मूठ आपोआप आवळते. पहिले १०० मीटर मुद्दाम हळू. हातात घालायची पॅडल्स काही दिवस घरी ठेवा. रात्री झोपताना मूठ पाच सेकंद आवळायची आणि वीसेक सेकंद सोडून द्यायची, असं चार-पाच वेळा. ही रीत एडमंड जेकबसन या डॉक्टरची, शंभरेक वर्षांपूर्वीची. आवळलेलं कसं लागतं ते ओळखू आलं, की सोडता येतं. मात्र बोटांना मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल किंवा कोपराजवळ एकाच जागी दुखत असेल, तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे जा.

आणि 'च' पकडा. पोहताना मनात कुठलं वाक्य चालू असतं ते किनाऱ्यावर आल्यावर लिहून काढा. वसुधानं "निसटताच कामा नये" खोडून "थोडं निसटेल, चालेल" लिहिलं होतं, बँकेच्या पावतीच्या मागे.

स्पर्धेच्या संध्याकाळी तिचा फोन आला. नंबर वगैरे तिनं सांगितला नाही. म्हणाली, "मध्ये एकदा हात भरले. उताणी झाले, आभाळ बघितलं, हात झटकले, निघाले." मग थोडं थांबून, "आता मात्र पाठ भरलीय हो, ताई. उद्या रजा टाकते."