सौंदर्यस्पर्धेच्या अर्जात 'स्पर्धेत का उतरताय' आणि 'समाजासाठी काय कराल' या रकान्यांत खरं लिहावं, की परीक्षकांना आवडेल ते?

तुमची अडचण मला अशी समजली: अर्जात तीन रकाने आहेत. स्वतःची पार्श्वभूमी, स्पर्धेत उतरण्याचं कारण आणि समाजासाठीचं उद्दिष्ट. मनातलं लिहिलं तर फार साधं वाटतंय, बाकीच्यांसारखं लिहिलं तर खोटं वाटतंय. आणि मुळात हे कुणी वाचतं का, अशीही शंका आहे.

शंकेपासून सुरू करते. वाचतात. मी मुलींची मुलाखतीच्या फेरीसाठी तयारी करून घेते, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकते. तुम्ही दार उघडून आत येईपर्यंत परीक्षकापुढे तुमच्याबद्दल फारसं दुसरं काही नसतं, असतो तो हा कागद. मिस अमेरिकासारख्या स्पर्धेत स्पर्धकाची माहिती आणि तिच्या सामाजिक कामाचं निवेदन परीक्षकांना आधीच दिलेलं असतं, आणि बंद खोलीतली मुलाखत त्यावरूनच पुढे सरकते. म्हणजे तुमची प्रश्नपत्रिका बरीचशी तुम्हीच काढत असता.

म्हणूनच खोटं लिहिण्यातली अडचण नीतीची कमी आणि व्यवहाराची जास्त आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचंच पाठ असतं. "मला मुलींच्या शिक्षणासाठी काम करायचंय." परीक्षक म्हणतात, "छान! कुठल्या वयाच्या मुली? त्या शाळा का सोडतात, तुम्हाला काय दिसलं?" इथे पाठांतर संपतं. जिने एकाही शाळा सोडलेल्या मुलीशी बोललेलं नाही, ती 'जागरूकता', 'सक्षमीकरण' असे शब्द फिरवत राहते. हे ओळखायला परीक्षक फार हुशार असावा लागत नाही.

हे रकाने अर्जात आले कसे, ते थोडं सांगते, कारण त्यावरून त्यांच्याकडून काय अपेक्षा आहे ते कळतं. मिस अमेरिका १९२१ साली अटलांटिक सिटीत सुरू झाली, मिस वर्ल्ड १९५१ मध्ये लंडनला, मिस युनिव्हर्स १९५२ मध्ये. सुरुवातीला तिन्हीकडे पोहण्याच्या पोशाखाला फार महत्त्व होतं. समाजकार्य वगैरे नंतर आलं. १९७० मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या मिस वर्ल्डच्या अंतिम सोहळ्यात स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायकांनी पिठाच्या पुड्या फेकून कार्यक्रम बंद पाडायचा प्रयत्न केला. १९७२ मध्ये या स्पर्धेच्या आयोजक ज्युलिया मॉर्ले यांनी त्याच स्पर्धेला 'ब्यूटी विथ अ पर्पज' हा समाजकार्याचा उपक्रम जोडला. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, पण बाहेर काय वारं वाहत होतं ते त्यातून दिसतं. मिस अमेरिकात १९८९पासून प्रत्येक स्पर्धकाने एक सामाजिक विषय घेऊन उतरायचा नियम झाला. त्याच्या आदल्याच वर्षीची विजेती के लानी रे राफ्को पेशाने नर्स होती. मुकुटाच्या वर्षात ती नर्सिंगबद्दल आणि मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेबद्दल बोलत राहिली. नियम नसताना हे काम तिच्या नोकरीतून आपोआप आलं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. तीन रकाने दिसायला वेगळे आहेत, पण उत्तर एकच असायला हवं. पार्श्वभूमीतून कारण निघावं, कारणातून काम. कागदावर हे तिन्ही एकमेकांना ओळखत नसले, म्हणजे वर 'मी संगणक अभियंता', मध्ये 'लहानपणापासून मुकुटाचं स्वप्न' आणि खाली 'सागरी प्रदूषण', तर वाचणाऱ्याला तीन वेगवेगळ्या मुली भेटतात.

काही उदाहरणं बघा. २०२५ची मिस वर्ल्ड, थायलंडची ओपल सुचाता चुआंगश्री. सोळाव्या वर्षी तिच्या स्तनात गाठ सापडली होती. ती कर्करोगाची नव्हती, पण शस्त्रक्रिया करावी लागली. तिचं काम स्तनांच्या कर्करोगाबद्दलच्या जागृतीचं. आता तिला कोणी विचारलं, 'हाच विषय का?' तर तिला आठवावं लागत नाही. १९९९ची मिस अमेरिका निकोल जॉन्सन हिला कॉलेजच्या वयात टाइप वन मधुमेह निघाला. ती इन्सुलिन पंप लावूनच स्पर्धेत उतरली आणि मधुमेह हाच तिचा विषय होता. १९९५ची मिस अमेरिका हेदर व्हाइटस्टोन दीड वर्षाची असताना तिची श्रवणशक्ती गेली. मोठी झाल्यावर तिने स्पर्धेत बॅले नाच केला आणि मुलांना स्वप्नांच्या मागे लागायला सांगण्याचा विषय निवडला. नुसता कागदावर वाचला तर हा विषय किती गुळगुळीत वाटतो! तिच्या तोंडी तो तसा वाटत नाही.

पण यावरून 'माझ्या आयुष्यात तर काहीच घडलेलं नाही' असा निष्कर्ष काढू नका. आजार किंवा दुःख असलंच पाहिजे असं मुळीच नाही. उलट अलीकडे प्रत्येक जण आपल्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस शोधून अर्जात लावायला बघते, ते मला बघवत नाही. त्यापेक्षा तुम्हाला काय येतं ते बघा. आर'बॉनी गॅब्रिएल, २०२२ची मिस युनिव्हर्स, फॅशन डिझायनर होती. मानवी तस्करीतून आणि घरच्या छळातून सुटलेल्या बायकांना ती शिवणकाम शिकवायची. तिची पार्श्वभूमी म्हणजे तिच्या हातातली कला, आणि समाजासाठीचं उद्दिष्ट म्हणजे तीच कला दुसऱ्याच्या हातात देणं. यात ओढून ताणून काही जोडावं लागत नाही. तुम्ही हिशेब लिहिता, पोहायला शिकवता, भाषांतर करता, आजीची शुश्रूषा केलीय, यातलं काहीही चालेल.

पार्श्वभूमीच्या रकान्यात पदव्या आणि छंद यांची यादी देऊ नका, हे एवढंच.

आता मधला रकाना, जिथे सगळे जास्त खोटं बोलतात. 'मला स्त्रियांना प्रेरणा द्यायची आहे.' अहो, कुणाला द्यायची नसते! खरी कारणं बहुतेक वेळा अशी असतात: पैसे हवे असतात, मॉडेलिंगमध्ये शिरायचं असतं, घरच्यांना काहीतरी दाखवून द्यायचं असतं, किंवा नुसतं स्टेजवर उभं राहून बघायचं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही. बेस मायर्सनचं उदाहरण मी नेहमी देते. मिस अमेरिकाने १९४५ मध्ये पहिल्यांदा शिष्यवृत्ती ठेवली, पाच हजार डॉलरची. मायर्सन संगीत शिकलेली होती आणि तिला पुढच्या संगीतशिक्षणासाठी पैसे हवे होते. ती जिंकली, ही स्पर्धा जिंकणारी पहिली ज्यू स्त्री ठरली. आणि मग तिच्या ज्यू असण्यामुळे जाहिरातदार मागे हटले, काही ठिकाणी तिला दारं बंद झाली. त्यानंतर ती शाळाशाळांतून वंशद्वेषाविरुद्ध बोलत फिरली. स्वार्थी म्हणता येईल अशा कारणाने ती आली होती, तरी काम मोलाचं केलं. कारण उदात्त असलंच पाहिजे ही अट कुणीही घातलेली नाही.

तेव्हा लिहा की, "मला या क्षेत्रात काम करायचंय आणि ही स्पर्धा त्याचं दार आहे." पण तिथेच थांबू नका, पुढचं वाक्य हवं: ते दार उघडलं तर आत गेल्यावर तुम्ही काय करणार? रीटा फारिया १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. तेव्हा ती वैद्यकीय शिक्षण घेत होती. वर्षभर मुकुटाची कामं केली आणि चित्रपट-मॉडेलिंग बाजूला ठेवून परत डॉक्टरकीकडे गेली. तिच्या वेळी असले रकाने नव्हते, पण असते तरी ते भरायला तिला वेळ लागला नसता.

तिसऱ्या रकान्यावर जरा रेंगाळते, कारण बहुतेक अर्ज इथेच घसरतात. चूक एकच असते, उद्दिष्ट फार मोठं असतं. गरिबी हटवणं, पर्यावरण वाचवणं, स्त्रियांचं सक्षमीकरण. मासिक पाळीतली स्वच्छता हा विषयही हल्ली ढिगाने येतो. मानुषी छिल्लर २०१७ मध्ये मिस वर्ल्ड झाली तेव्हा तिचा 'प्रोजेक्ट शक्ती' याच विषयावर होता, पण ती वैद्यकीय विद्यार्थिनी होती आणि प्रत्यक्ष काम करून आली होती. विषय उत्तम आहे. फक्त तो तुमच्याकडे कुठून आला, हे सांगता आलं पाहिजे.

समजा, तुमचा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. वर्गात त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं की तो पोट दुखतंय म्हणून घरी बसायचा. तुम्ही त्याच्याबरोबर रोज थोडा वेळ मोठ्याने वाचायला लागलात, मग त्याचे दोन मित्र यायला लागले. आता उद्दिष्ट लिहायचं झालं तर 'वाचादोष असलेल्या मुलांसाठी जागरूकता' असं लिहू नका. असं लिहा: "अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी मी दर आठवड्याला वाचनाचा गट चालवते. सध्या त्यात तीन मुलं आहेत. येत्या वर्षात आणखी दोन शाळांत असा गट सुरू करायचा आहे आणि शिक्षकांनी अशा मुलाला मध्येच न तोडता कसं ऐकावं, यासाठी वाणीदोषतज्ज्ञांकडून एक छोटं सत्र ठरवायचं आहे." तीनच मुलं म्हणून हे लहान वाटेल, पण परीक्षकाला यात विचारण्यासारखे दहा प्रश्न दिसतात आणि त्या सगळ्यांची उत्तरं तुमच्याकडे असतात. तीनशे मुलं लिहिलीत तर पहिला प्रश्न 'कुठे आहेत ती?' असाच येईल.

यासाठी मी मुलींना एक प्रश्न विचारते: मुकुट दुसरीला मिळाला तर पुढच्या महिन्यात हे काम चालू असेल का? मिस युनिव्हर्सच्या मंचावर हल्ली शंभराहून जास्त देशांच्या मुली असतात आणि जिंकते एक. बाकीच्या सगळ्या घरी जातात. उत्तर 'नाही' असेल तर ते काम तुमचं नाही, स्पर्धेचं आहे. मग विषय बदला, किंवा आजपासून काहीतरी खरोखर सुरू करा.

'पण हे सगळं शेवटी मुखवटाच ना, गुण तर रूपालाच?' असंही तुम्ही विचारलंय. थोडंफार हो. चेहरा, उंची, चाल यांना गुण नसतात असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पण नियम बदलत आलेत हेही खरं. मिस वर्ल्डने २०१५पासून पोहण्याच्या पोशाखाची फेरी काढली, मिस अमेरिकाने २०१८ मध्ये. मिस युनिव्हर्समध्ये २०२३पासून विवाहित आणि मुलं असलेल्या स्त्रियाही उतरू शकतात. त्याच वर्षी ग्वाटेमालाची मिशेल कोन आणि कोलंबियाची कॅमिला अवेया अशा मुलं असलेल्या दोघी मंचावर होत्या, आणि अवेया पहिल्या पाचांत पोचली. पूर्वी अठ्ठावीसची वयोमर्यादा होती, २०२४च्या स्पर्धेपासून तीही गेली. त्यामुळे पार्श्वभूमीच्या रकान्यात आता पंचविशीच्या आतल्या मुलीचीच गोष्ट हवी असं राहिलेलं नाही. मुखवटा म्हणून टीका करणारे चुकतात असं मला वाटत नाही. फक्त त्याच मुखवट्यामागून काही जणींनी कामं उभी केली, तीही खोटी नाहीत.

दोन गोष्टींना मात्र जपा. ज्यांच्यासाठी काम करता त्यांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय अर्जाला जोडू नका. मुलं असतील तर पालकांना विचारा, आणि आजारी किंवा छळातून सुटलेल्या व्यक्तीचा चेहरा तर वापरूच नका. दुसरी गोष्ट तुमच्याबद्दलची. स्वतःच्या आयुष्यातलं एखादं दुखणं लिहिणार असाल, तर त्यावर अनोळखी माणसाने भर खोलीत आणखी तीन प्रश्न विचारले तर उत्तर द्यायची तयारी आहे का, ते आधी ठरवा. नसेल तर तेवढा भाग वगळा. वगळल्याने अर्ज कमकुवत होत नाही.

लिहून झालं की ते तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या एखाद्या व्यक्तीला तुमचं नाव झाकून वाचायला द्या. 'हे तर कुणीही लिहील' असं ती म्हणाली तर पुन्हा बसा. पाठवण्याआधी एक प्रत स्वतःकडे ठेवा. मुलाखतीत परीक्षक तुमचंच वाक्य वाचून दाखवतात, आणि आपण नेमकं काय लिहिलं होतं ते तेव्हा कुणालाच आठवत नाही.