वाचक विचारतात: शाळेतली पुस्तकं कपाटात बंद, करायचं काय?

या वेळी शाळेच्या लायब्ररीवर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. सगळ्यांना इथे जागा नाही, पाचच घेतेय, पण बऱ्याच जणांचा प्रश्न या पाचात कुठे ना कुठे येऊन जाईल.

ताई, मी झेडपीच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पुस्तकं बरीच आलीयेत पण ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत आणि किल्ली सरांकडे. हरवली तर भरून कोण देणार, ऑडिटला काय सांगायचं, असं सर म्हणतात. त्यांचंही अगदी चुकतंय असं नाही वाटत. मुलांच्या हातात द्यायची कशी?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

सरांची भीती खरी आहे आणि ती आधी घालवायला हवी, नाहीतर तुम्ही कितीही उत्साह दाखवा, किल्ली काही मिळायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा हवीत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत शाळेच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे सरकारने ही पुस्तकं मुलांनी हाताळावीत म्हणूनच दिलीत. हाताळलं की पुस्तक फाटतं, एखादं हरवतं, आणि त्याला निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करायची, पद्धत आहेच की. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या, "पुस्तकं मुलांना घरी दिली जातील, फाटलेली-हरवलेली वर्षाअखेरीस समितीसमोर ठेवून निर्लेखित केली जातील" असा ठराव लिहून घ्या आणि निर्लेखनाचे कागद नेमके कसे करायचे ते केंद्रप्रमुखांना विचारून ठेवा. ठराव झाला की जबाबदारी एकट्या सरांच्या डोक्यावर राहत नाही, आणि किल्ली सुटते ती तिथेच.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच हे की पुस्तकं वापरासाठी असतात. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आपण ग्रंथपाल दिन करतो, फोटोला हार घालतो, आणि कपाट बंदच असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वर्गात काय करायचं. व्हरांड्यात मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका, मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला. कपाटात पुस्तकांचे नुसते कणे दिसतात, पहिली-दुसरीच्या पोराला कण्यावरून काय कळणार, त्याला चित्र दिसलं पाहिजे. देवघेवीची वही चौथी-पाचवीच्या मुलांकडे द्या, चार रकाने पुरे: नाव, पुस्तक, नेलं कधी, आणलं कधी. दाखल नोंदवही, म्हणजे शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक टाकून लिहितात ती, तुमच्याकडेच राहू दे, ती ऑडिटची. आणि रोज दहा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, गोष्ट रंगात आली की थांबा, "पुढे काय होईल?" विचारा आणि पुस्तक सुतळीवर टाकून द्या. सुट्टीत त्या पुस्तकावर झुंबड उडेल बघा. एकच विनंती, वाचून झालं की लगेच सारांश लिहून आण, तात्पर्य सांग, असं करू नका. तेच पुस्तक तिसऱ्यांदा नेतोय तर नेऊ दे. आवडलं म्हणून नेतोय ना.

हायस्कूलमध्ये अर्धवेळ ग्रंथपाल आहे. आठवड्याला प्रत्येक वर्गाला लायब्ररीचा एक तास, पण तो बहुतेक वेळा ऑफ तासासारखाच जातो, मुलं गप्पा मारतात किंवा पुस्तक समोर धरून बसतात. मुख्याध्यापक म्हणतात "संशोधनवृत्ती" वाढवा. सातवी-आठवीच्या मुलांकडून संशोधन म्हणजे नक्की काय करून घ्यायचं?
– एक ग्रंथपाल, करमाळा

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला म्हणून उत्तर लांबणार आहे. माझं सरळ मत असंय की मुलाला विषय दिला की तो उतरवून काढतो आणि त्याचा स्वतःचा प्रश्न असला की तो शोधतो. "ज्वारी" हा विषय दिला तर सातवीचा मुलगा चित्र चिकटवणार, खाली "ज्वारी हे एक महत्त्वाचे पीक आहे" लिहिणार, झालं. पण समजा तुमच्याच तालुक्यातली एखादी मुलगी म्हणाली की आजी सांगते पूर्वी आपल्या सगळ्या रानात ज्वारी असायची, मग आता सगळा ऊसच का? तिला उत्तर माहीत नाही आणि ते हवंय, मग तिला ढकलावं लागत नाही.

पहिल्या तासाला कपाटाकडे जायचंच नाही. तिला काय वाटतं ते आधी लिहून घ्या. पाणी आलं म्हणून? भाव मिळतो म्हणून? काढणीला माणसं मिळत नाहीत म्हणून? हे तिचे अंदाज, ते खरे-खोटे ठरवायचेत. आणि प्रश्न बारीक करायचा: सगळ्या जिल्ह्याचा नको, आपल्या गावाचा, जमलं तर आपल्याच रानाचा.

दुसऱ्या तासाला पुस्तकं. मराठी विश्वकोशात ज्वारी आणि ऊस दोन्ही नोंदी काढा, कुठल्या पिकाला किती पाणी, कुठली जमीन, किती महिने, एवढंच टिपायचं. विश्वकोशाचे २० खंड शाळेत नसले तरी काही बिघडत नाही, सगळे ऑनलाइन फुकट आहेत, लायब्ररीत एक कॉम्प्युटर असला की झालं. मग जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती नोंदवलेला सरकारी ग्रंथ. सोलापूरचं जुनं गॅझेटियर १८८४ चं आहे, इंग्रजीत आहे, तेव्हा पिकांची दोन पानं तुम्ही वाचून मराठीत सांगा. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या भागात काय पिकतं ते मोजून लिहून ठेवलंय हे कळलं की मुलांचे डोळे बदलतात. आणि उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, ती तारीख फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरचा सातबारा आणायला सांगा. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची ते असतं आणि १२ मध्ये कुठल्या वर्षी कुठलं पीक होतं त्याची नोंद. मुलांना वाटतं सातबारा म्हणजे बँकेचं, भांडणाचं काहीतरी, पण त्यांच्या स्वतःच्या रानाचा इतिहास त्यात आहे. जुने उतारे घरच्या ट्रंकेत निघतात, नाहीतर वडील तहसीलमधून नक्कल काढू शकतात. अलीकडचं हवं असेल तर २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो, म्हणजे कदाचित याच मुलीने बाबांना ते भरून दिलेलं असेल. शेजारी आजीची मुलाखत. आजीला "ज्वारी का बंद केली?" असं थेट विचारलं तर ती एका वाक्यात संपवेल. किती पोती व्हायची, काढणीला कोण कोण यायचं, मजुरी पैशात होती का धान्यात, कडबा कुणाला जायचा, पहिला ऊस कुठल्या साली लावला, असं विचारत गेलं की आजी बोलत राहते आणि मुलीची वही भरत जाते.

टिपणं मात्र वहीत सलग नकोत. पाठकोऱ्या कागदाचे पत्त्याएवढे तुकडे करा, एका तुकड्यावर एकच माहिती आणि खाली ती कुठून मिळाली: पुस्तक आणि पान, किंवा "आजी, घरी, अमुक तारीख". सगळे तुकडे बाकावर पसरायचे आणि जुळवायचे. मग कळतं की आजी म्हणते धरणाचं पाणी आलं आणि लगेच ऊस लावला, पण उताऱ्यावर त्यानंतरही काही वर्षं ज्वारीच दिसतेय. आता खरं काय? आजीला साल आठवत नसेल, उताऱ्यावर जुनीच नोंद पुढे ओढली असेल, किंवा पाणी आलं पण मोटर घ्यायला पैसे नंतर आले असतील. मुलीला परत आजीकडे जावं लागेल. ती परत गेली ना, की तुमच्या मुख्याध्यापकांना हवीय ती संशोधनवृत्ती आलीच म्हणून समजा. दोन पानी निबंध नाही झाला तरी चालेल, पाच ओळींचं उत्तर आणि खाली ते कुठून मिळालं एवढं पुरे. सगळ्या मुलांची अशी पानं एकत्र शिवून दाखल क्रमांक टाकून लायब्ररीतच ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलांना गावाची माहिती आयती मिळेल.

मुलगी सहावीत. प्रोजेक्ट आलं की आम्हीच रात्री गूगलवरून काढतो, झेरॉक्सवाल्याकडून कलर प्रिंट, चिकटवलं की झालं. आता तर ती एआयला विचारते आणि जसंच्या तसं उतरवते. अशा वेळी शाळेच्या लायब्ररीचा उपयोग तरी काय?
– एक आई, डोंबिवली

ताई, आता तर जास्तच उपयोग आहे. मोबाइल उत्तर लगेच देतो पण ते बरोबर आहे का हे तपासायची सवय तो लावत नाही, ती माणसाने लावावी लागते. घरी एवढं करा: एआयने जे सांगितलं त्यातली तीन विधानं तिला पेन्सिलने अधोरेखित करायला सांगा, साल, आकडा, नाव असं काहीतरी, आणि ती तीनच विधानं उद्या शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकात शोधून ये म्हणा. सापडलं तर पान नंबर लिहायचा, वेगळं निघालं तर दोन्ही लिहायचं. आणि पालकसभेत शिक्षकांना नक्की सांगा की मार्क सजावटीला नकोत, माहिती कुठून आणली याला द्या. पाच मार्क जरी त्याला ठेवले तरी कलर प्रिंटची धावपळ अर्ध्यावर येईल.

मी आठवीत आहे. जाड पुस्तकात एकच गोष्ट शोधायची असते तर सगळं पुस्तक वाचावं लागतं का?
– एक विद्यार्थी, नाशिक

अजिबात नाही रे बाळा. आधी पुढची अनुक्रमणिका बघ, त्यात प्रकरणं असतात. मग शेवटची पानं उघड, बऱ्याच माहितीच्या पुस्तकांना शेवटी सूची असते, शब्द अक्षरांच्या क्रमाने आणि समोर पान नंबर. तुझा शब्द नाही सापडला तर त्याचा भाऊबंद शोध, "पाऊस" नसेल तर "पर्जन्य" बघ, "मान्सून" बघ. शब्दकोशात क्ष आणि ज्ञ गोंधळ घालतात, कुठे ते क आणि ज च्या जोडाक्षरांत असतात तर कुठे पार शेवटी, म्हणून कोशाच्या सुरुवातीची सूचना आधी वाच. आणि लायब्ररीत पुस्तकाच्या कण्यावर नंबर असेल तर तो बघ, विषयाप्रमाणे नंबर द्यायची ड्यूई पद्धत वापरत असतील तर ५०० पासून विज्ञान, ९०० पासून इतिहास-भूगोल. एक पुस्तक सापडलं की त्याच्या शेजारची दोनही काढून बघ, त्याच विषयाची असतात.

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळेत पुस्तकं फार थोडी. मुलांना पणजीच्या मोठ्या लायब्ररीत न्यायचा विचार आहे, पण लहान मुलांना तिथे नेऊन काही हाती लागेल का?
– एक शिक्षक, डिचोली

जरूर न्या सर. कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे, आता पाटोला मोठ्या इमारतीत आहे. फक्त नुसतं फिरवून आणू नका. आठवडाभर आधी प्रत्येक मुलाचा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, ग्रंथालयाला आधी कळवा, जमलं तर चिठ्ठ्यांची यादीच पाठवा, म्हणजे तिथल्या लोकांना पुस्तकं काढून ठेवता येतील. तोपर्यंत शाळेत बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक वापरा, १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक वेबसाइटवर मोफत आहेत. लहानांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी आहेत, त्या छापायची मुभाही आहे. छापून, मधे स्टेपल मारून, पहिलीच्या मुलांना घरी न्यायला द्या.