टायगर ग्लोबलच्या निकालानंतर परदेशी गुंतवणूकदार भारतीय स्टार्टअपकडे पाठ फिरवतील का?

पाठ कोणी फिरवत नाही, भाव पाडून मागतील.

सुप्रीम कोर्टाने १५ जानेवारी २०२६ ला निकाल दिला. २०१८ मध्ये फ्लिपकार्टमधला हिस्सा वॉलमार्टला विकून झालेल्या नफ्यावर टायगर ग्लोबल या अमेरिकी गुंतवणूक फंडाच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांना इथे कर लागणार. भारत-मॉरिशस करारामुळे तिथल्या कंपनीला इथले शेअर विकल्यावर इथे कर लागत नसे. आता नुसता मॉरिशसचा रहिवासी दाखला पुरत नाही, कारभार खरा कुठून चालतो ते बघणार. मला २०१७ आठवलं.

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचा धंदा आहे. कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याला किती गारवा मिळतोय ते मोबाईलवर कळवणारं यंत्र आम्ही बनवतो. तेव्हा मी आणि धाकटा मेहुणा, निम्मे निम्मे. मूळचे मिरजेचे, सिंगापुरात स्थायिक झालेले एक गृहस्थ दीड कोटी घालायला तयार झाले. मेहुण्याने मुंबईहून सल्लागार आणला. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरना मॉरिशसची जुनी सवलत मिळणार नव्हती, म्हणून सल्लागारांची घाई: ३१ मार्चच्या आत पैसे मॉरिशसवरून आणा, पुढे विकताना रुपयाही कर नाही. टेबलावरची बेदाण्याच्या सौद्याची पट्टी उलटी करून त्यांनी पेन्सिलीने तीन चौकोन काढले. सिंगापूर, मॉरिशस, कुपवाड. मधल्या चौकोनावर बोट ठेवून मी विचारलं, "इथं कोण बसतं?" म्हणाले, "बसायला कशाला कोण पाहिजे? पत्ता असतो."

मी सही केली नाही. मेहुणा तीन महिने बोलला नाही, मग हिस्सा काढून पुण्याला गेला. "दाजी, तुमच्यामुळं पैसे गेले," हे मी तेव्हापासून प्रत्येक सणाला ऐकतोय. त्या गृहस्थांनी ऑगस्टमध्ये साठ लाख थेट स्वतःच्या नावावर घातले. कमीच होते. पण त्यांच्यासाठी मला कधी वकील गाठावा लागला नाही.

कायदा कडक असला म्हणून पैसा पळत नाही. व्यवहार झाल्यावर नियम बदलले की पळतो. व्होडाफोन जानेवारी २०१२ मध्ये कराचा खटला सुप्रीम कोर्टात जिंकली आणि सरकारने त्याच वर्षी मागच्या तारखेपासून कायदा बदलला. ती चूक दुरुस्त करायला २०२१ उजाडलं. एंजल टॅक्स, म्हणजे शेअरच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त आलेल्या गुंतवणुकीवर कंपनीला लागणारा कर, २०२३ च्या बजेटात परदेशी पैशालाही लावला आणि २०२४ च्या बजेटात सगळाच रद्द केला. असल्या धरसोडीला बाहेरचा माणूस घाबरला तर त्याची चूक नाही.

आता फंड आत येतानाच पुढे विकताना लागणारा साडेबारा टक्के कर धरून हिशोब करतील, आणि उद्या नोटीस आली तर भरायचं कोणी, याचं कलम करारात घालतील. ते कलम तुमच्या गळ्यात पडत नाही ना, तेवढं सही करण्याआधी बघा.

एक मान्य करतो. २०१७ च्या आधीच्या गुंतवणुकीला हात लागणार नाही, या भरवशावर ज्यांनी खरा कारभार ठेवून पैसे घातले, त्यांची धास्ती रास्त आहे. आणि मी सीए नाही, तुमचे कागद सीएलाच दाखवा.

निकाल किंक्रांतीला आला. आदल्या दिवशी मेहुणा तिळगूळ घेऊन आला होता, तेच वाक्य बोलून गेला. बातमीबरोबर त्या पट्टीचा फोटोही मी त्याला पाठवलाय. पेन्सिल पुसट झालीय, पण मधला चौकोन दिसतो.