महिन्याला चारशे रुपये द्याल का?

प्रश्न: ताई, परवा जेवताना घरात वाद झाला. मुलगा म्हणतो युरोप-अमेरिकेतले लोक हवामानासाठी खिशातून पैसे द्यायला तयार असतात, आपल्याकडे कोणी दमडी सोडणार नाही. बायको म्हणते आधी घरचं भागू दे. मी म्हटलं महिन्याला तीन-चारशे मी देईन, पण बाकीचे देणार नसतील तर मी एकट्यानेच का? खरं काय आहे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: भाऊ, तुमचा मुलगा नेमकं उलटं बोलतोय. १२५ देशांतल्या जवळपास १ लाख ३० हजार लोकांना हेच विचारून झालंय, घरच्या उत्पन्नातला १ टक्का दर महिन्याला तापमानवाढ रोखायला द्याल का म्हणून, आणि ६९ टक्के लोक हो म्हणाले. २०२४ मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय हे. श्रीमंत देशांपेक्षा गरीब आणि गरम देशांत हो म्हणणारे जास्त, चीनमध्ये तर ८० टक्क्यांच्या आसपास, आणि अमेरिकेत जेमतेम निम्मे.

तुमची शंकासुद्धा त्यात आलीय. त्याच लोकांना विचारलं की तुमच्या देशातले किती जण देतील, तर सरासरी अंदाज आला ४३ टक्के! म्हणजे द्यायला बरेच तयार आहेत पण प्रत्येकाला वाटतं शेजारी देणार नाही.

आता माझं मत, हो म्हणायला पैसे पडत नाहीत. बिल समोर आलं की गोष्ट वेगळी होते. फ्रान्समध्ये २०१८ ला डिझेल-पेट्रोलवरचा कर वाढणार म्हटल्यावर पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले, आणि त्यात गावाकडचे बरेच, कारण तिथे गाडीशिवाय कामाला जाताच येत नाही, आपल्या सत्तरी तालुक्यात आतल्या गावात संध्याकाळनंतर बस नसते तेव्हा स्कूटरवाल्याला पेट्रोल किती महत्त्वाचं ते सांगायला नको. सरकारने शेवटी वाढ मागे घेतली. स्वित्झर्लंड एवढा पैसेवाला देश, तिथेही २०२१ च्या जनमतात इंधन जाळून निघणाऱ्या कार्बनवर लगाम घालणारा नवा कायदा थोडक्यात पडला. कॅनडात तर कार्बनवरच्या कराचे पैसे लोकांच्या खात्यात परत येत होते, तरी नाराजी एवढी की २०२५ च्या एप्रिलपासून पेट्रोलवरचा तो कर बंदच केला. उलट स्वीडनमध्ये १९९१ पासून असा कर चालू आहे, पण तिथे सुरुवातीलाच बाकीचे कर कमी केले होते.

आणि भाऊ, आपण काही दिलंच नाही असं समजू नका हां. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनाला ५० रुपये सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, लावला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. एक टन कोळशातून साधारण चौदा-पंधराशे युनिट वीज होते, म्हणजे कोळशावरच्या विजेला युनिटमागे पंचवीस-तीस पैसे. बिलावर वेगळी ओळ नव्हती म्हणून कुणी बोंब मारली नाही. पैसे स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतले आणि २०१७ नंतर जीएसटीमुळे राज्यांचं झालेलं नुकसान भरून द्यायला वळवले, मग २०२५ मध्ये सेसच गेला. माझा राग यावर आहे. मुरगाव बंदरातल्या कोळशाची काळी पूड वास्कोच्या बाल्कन्यांत रोज झाडावी लागते, अशा माणसाकडे आणखी पैसे मागायचे असतील तर आधीच्या पैशांचा हिशेब द्या ना.

म्हणून बायकोला सांगा तिचं बरोबर आहे, मुलाला सांगा त्याचं चुकलं. आणि चाळीस हजार उत्पन्न असेल तर १ टक्का म्हणजे बरोबर चारशे, तुम्ही न मोजता आकडा सांगितला तो फिट बसला.

प्रश्न: घरावर सोलर बसवला तर ते हवामानासाठी पैसे देणंच झालं ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: थोडंफार, पण खरं तर ती तुमचीच बचत. ३ किलोवॅटला केंद्राची सबसिडी ७८ हजारांपर्यंत मिळते. फक्त दोन गोष्टी, पावसाळ्यात वीज कमी होते, आणि बॅटरी नसलेला साधा सोलर लाईट गेली की तोही बंद पडतो, नंतर भांडायला जाऊ नका. छपरावर माडांची सावली किती वाजता येते ते बघून मगच माणूस बोलवा.