उत्तरं देत बसतो, ते वाया जात नाही

ताई, नमस्कार.

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर भयकथा लिहितो, रात्री बारा वाजेपर्यंत वाचकांना उत्तरं देत बसतो आणि आता कॉलेज सोडून लेखकच व्हायचं म्हणतो. त्यात एक प्रकाशक पुस्तक काढायला चाळीस हजार मागतोय. 'हे वेड मोडून काढू का?' असं तुम्ही विचारलंय.

वेड राहू द्या. चाळीस हजार देऊ नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे फुकट मिळतो; त्याचे कुणी पैसे लावले असतील, तर तिथंच ओळखा.

त्याला अँडी वीअरचं उदाहरण सांगा. या अमेरिकन लेखकानं 'द मार्शन' ही विज्ञानकादंबरी आधी स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करत फुकट टाकली. वाचकांनी शास्त्राच्या चुका काढल्या, त्यानं त्या दुरुस्त केल्या. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर, ई-पुस्तक म्हणून हवी, असा आग्रहही वाचकांचाच. तिथं त्यानं ती 99 सेंटला ठेवली. आणि प्रकाशकाचा, चित्रपटाचा करार झाला तेव्हाही तो प्रोग्रामरची नोकरी करत होता! हे शेवटचं जरा सावकाश सांगा.

तुम्ही पाठवलेल्या कथेखालचे अभिप्राय मी वाचले. एका शेतकऱ्यानं लिहिलंय, 'आमच्याकडं मोटरला लाइट रात्रीची येते, तुमचा नायक दुपारी पाणी कसं पाजतो?' चिरंजीवांनी नुसते हात जोडलेत. अहो, अख्खी भयकथा त्या रात्रीच्या पाण्यात आहे! तिथं चार प्रश्न विचारायला हवे होते.

दुसरं म्हणजे, अ‍ॅपवरचे वाचक अ‍ॅपचे. किंडलही पुस्तक कुणी घेतलं ते लेखकाला सांगत नाही. म्हणून निवडक कथांच्या शंभरच प्रती छापू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घ्यावी, पैसे यूपीआयवर, पार्सल स्वतः बांधून पोस्टात टाकावं. म्हणजे नाव, गाव, पत्ता त्याच्या वहीत राहतो आणि पुढच्या पुस्तकाची पहिली खबर त्याच माणसांना देता येते. मात्र त्यांना रोज 'शुभ सकाळ' धाडू नये, लोक ब्लॉक करतात.

छपाई, टपाल, परत आलेली पार्सलं यांचा हिशोब त्यालाच ठेवू द्या. बी.कॉम. कशाला, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही. वर्षभरानं ती वही घेऊन दोघं या.