चेक परत आला की आधी मेमो मिळाल्याची तारीख बघा

गिऱ्हाइकाचा चेक न वटता परत आला, की बँकेचा रिटर्न मेमो मागून घ्याच. ‘खात्यात अपुरी शिल्लक’ हे कारण त्यावरच असतं. मेमो हाती पडला ती तारीख लिहून ठेवा, तिथून ३० दिवसांत लेखी मागणी-नोटीस गेली पाहिजे. ‘पुढच्या सोमवारी देतो’ ऐकत बसलात तर मुदत हातची जाते. तशी गेलीच, आणि चेकच्या तारखेपासून ३ महिने झाले नसतील, तर तो पुन्हा भरता येतो.

नोटिशीत चेकचीच रक्कम मागा. व्याज, वकिलाची फी त्यातच मिसळून एकच आकडा लिहिला की नोटीस अवैध ठरू शकते, आणि चांगली केस इथेच हातची जाते. मधे थोडे पैसे मिळाले असतील तर ते वजा करा. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचपावती जपा.

नोटीस मिळाल्यापासून गिऱ्हाइकाला पैसे द्यायला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट (चेक-हुंड्यांचा कायदा) याच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल करायची, तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात. बिल आणि माल पोचल्याची सही सोबत लावा.