आडनावाआधी ठिकाण धरा

घराण्याचा शोध सुरू करताय, फार बरं वाटलं. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या, ते काम लांबवू नका. मग ऑनलाइन फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. ते मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं.

नवखे लोक आडनाव टाकतात, काही मिळालं नाही की खचतात. खरं तर २०२१ मध्ये फॅमिलीसर्चच्या सुमारे २४ लाख मायक्रोफिल्म रिळांचं (जुन्या नोंदींची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मचं) डिजिटायझेशन पूर्ण झालं, पण कितीतरी पानांची नावनिहाय सूची अजून झालेली नाही. नोंद असते, शोधात येत नाही. म्हणून कॅटलॉगमध्ये ठिकाण टाका, नोंदवही उघडा आणि पान न् पान चाळा. माझ्या पणजीची नोंद मला अशीच मिळाली. लिहिणाऱ्याने नावातलं एक अक्षर गाळलं होतं! त्या दिवशी डोळे भरून आले.

कुठल्या भागात कोणती दप्तरं आहेत, हे फॅमिलीसर्चच्याच विकीवर, म्हणजे माहितीकोशात, पाहा. इतरांनी चढवलेले वंशवृक्ष मात्र पुराव्याशिवाय उतरवून घेऊ नका. आणि जे सापडेल त्याचा दुवा, नोंदवही, पान क्रमांक लगेच लिहून ठेवा.